लढाईसाठी आरसी रणगाडा: घ्यायचा कुठला, खोलायचा कसा आणि पैसे आधी कुठे घालायचे

आधीच सांगतो, आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांचा हा छंद स्वस्त नाहीये. आणि एकदा दोन रणगाडे समोरासमोर आले, एकाने गोळा मारला आणि दुसरा झटका खाऊन जागेवर हलला की मग सुटका नाही. मी सुरुवात केली ती एका १/१६ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढ्या टँकपासून, कंपनीचं नाव राहू दे, आणि पहिल्या सहा महिन्यांत ज्या ज्या गोष्टींवर पैसे घालायला नको होते त्या सगळ्यांवर घातले. आधी आवाजाचा मोठा स्पीकर घेतला, मग रंग, मग मातीचे वॉश म्हणजे पातळ रंग, मग टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या डोक्यावर लटकवायला छोट्या बादल्या न दोरखंड. टँक दिसायला एकदम भारी झाला, पण पहिल्याच लढाईत तिसऱ्या मिनिटाला डावीकडचा ट्रॅक निघाला आणि पुढचा सगळा वेळ मी लोकांचं टार्गेट बनून उभा होतो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे की लढाई ट्रॅकवर जिंकतात, तोफेवर नाही. जो टँक सरळ जातो, हळू वळतो आणि ट्रॅक टाकत नाही तो जिंकतो, मग त्याचा रंग कसाही असो.

आधी स्केल आणि सिस्टिम

लढाई म्हणजे कुठली लढाई ते आधी ठरवा. अमेरिकेत १/६ स्केलचे लोखंडी-लाकडी राक्षस बनवून पेंटबॉलने एकमेकांना मारणारे लोक आहेत, ते वेगळंच विश्व आहे, त्याला अंगण नाही शेत लागतं. आपल्यासारख्यांना परवडणारी म्हणजे इन्फ्रारेडवाली लढाई. टीव्हीच्या रिमोटमध्ये जे असतं तेच, तोफेच्या तोंडातून न दिसणारा किरण जातो आणि समोरच्याच्या डोक्यावरचा रिसीव्हर तो पकडतो. या रिसीव्हरला सगळे ॲपल म्हणतात. दिसतो तो फिल्मच्या जुन्या डबीसारखा, सफरचंद कुणाला का आठवलं देव जाणे.

स्केलमध्ये १/१६ घ्या. १/२४ छोटे, स्वस्त आणि घरातल्या घरात मस्त, पण पार्ट मिळत नाहीत आणि अपग्रेडला जागाच नसते. १/१६ मध्ये टायगर म्हटलं तर तोफेसकट अर्धा मीटरच्या वर लांब आणि २३ सेंटिमीटर रुंद होतो, किंग टायगर तर ६४ सेंटिमीटर, म्हणजे कपाटात ठेवायचा कुठे हा प्रश्न घरच्यांकडून येणारच, त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. शर्मन किंवा पँझर-३ सारखे टँक ३५-४० सेंटिमीटरमध्ये बसतात.

ब्रँडचं म्हणाल तर टामिया ही या सगळ्याची आजी. १९७४ साली त्यांनी १/१६ शर्मन काढला, तोच त्यांचा पहिला रेडिओ कंट्रोल मॉडेल, गाड्या नंतर आल्या. टामियाचं किट तुम्हाला स्वतः जोडायचं असतं, क्वालिटी एक नंबर, पण किंमत बघून घाम फुटतो, आणि बॅटल सिस्टिम वेगळी विकत घ्यावी लागते, रिमोटही वेगळा. हेंग लाँग म्हणजे चिनी, बॉक्समधून काढा, बॅटरी चार्ज करा, चालवा, आणि पार्ट ढिगाने मिळतात. टायगेन आणि टोरो मधल्या फळीतले, मेटल जास्त. पहिला टँक असेल तर हेंग लाँग घ्या असं मी सरळ सांगतो, कारण पहिला टँक हा शिकायला असतो, खोलायला असतो आणि थोडा तोडायलाही असतो, टामियाचं किट तोडताना हात थरथरतात.

हेंग लाँगमध्ये एकाच टँकचे दोन-तीन अवतार मिळतात आणि इथेच लोक फसतात. बेसिकमध्ये ट्रॅक, चाकं, गिअर सगळं प्लास्टिक. मधल्या व्हर्जनमध्ये गिअरबॉक्स मेटल, ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट आणि त्याच्या विरुद्ध टोकाचं आयडलर मेटल, पण ट्रॅक प्लास्टिक. आणि प्रो म्हणतात त्यात ट्रॅकसुद्धा मेटल. विकणारे लोक नावं हवी तशी लावतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, स्प्रॉकेट, गिअरबॉक्स, ट्रॅक यातलं काय काय मेटल आहे हे एकेक करून विचारा. शिवाय बीबी व्हर्जन आहे का आयआर म्हणजे इन्फ्रारेड व्हर्जन तेही विचारा. बीबी म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या मारणारा. ऐकायला मजा वाटते, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं उभी असतात, गोळी डोळ्याला लागली तर काय करणार, आम्ही ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं. लढाईला बीबीचा उपयोगही नाही, हिट मोजणार कोण?

भारतात मागवायचा असेल तर अजून एक हिशोब. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे बाहेरच्या साइटवर दिसणारी किंमत म्हणजे तुमची किंमत नव्हे. शिवाय लिथियम बॅटरी विमानाने यायला भानगडी असतात, ती इथेच घ्या. बाहेरून कुणी येणार असेल, बहीण, मित्र, कुणीही, तर त्यांच्या बॅगेत टँक नाही, पार्ट मागवा, गिअरबॉक्सचा जोड दोन मुठींएवढा असतो.

कुठला टँक, हलका की जड

इथे जरा गणित करू कारण बहुतेक लोक टायगरच्या नावाला भुलून जड टँक घेतात. टामियाच्या बॅटल पद्धतीत, जी टँकच्या आतल्या बाकी अनेक सर्किट बोर्डांनीही उचलली आहे, टँक तीन वर्गात असतात. हलका ३ हिटमध्ये मरतो पण ३ सेकंदात पुन्हा गोळा मारू शकतो. मध्यम ६ हिट, ५ सेकंद. जड ९ हिट, ९ सेकंद. आता समजा दोघेही एकमेकांसमोर उभे राहून एकही नेम न चुकवता मारत सुटले. हलक्याला जड टँक मारायला ९ गोळे, म्हणजे पहिल्यानंतर आठ वेळा रीलोड, २४ सेकंद. जडाला हलका मारायला तीनच गोळे, दोन रीलोड, १८ सेकंद. हलका गेला. मध्यम विरुद्ध हलका, १० सेकंद आणि १५ सेकंद, परत हलका गेला. पण मध्यम विरुद्ध जड बघा, मध्यमला लागतात ८ गुणिले ५ म्हणजे ४० सेकंद, जडाला ५ गुणिले ९ म्हणजे ४५. मध्यम जिंकला! पाच सेकंदांनी का होईना. अर्थात खऱ्या लढाईत कुणी उभं राहत नाही आणि निम्मे गोळे हवेत जातात, जड टँकचा एक गोळा चुकला की नऊ सेकंद गेले, हलक्याचा चुकला तर तीनच. म्हणून मी नवीन माणसाला मध्यम वर्गात बसणारं काहीतरी घे सांगतो, शर्मन, टी-३४/८५, पँथर, पँझर-४. अर्थात कुठला टँक कुठल्या वर्गात धरायचा हे तुमच्या ग्रुपवर असतं, त्यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

आणि एक, या पद्धतीत पुढून लागलं काय मागून लागलं काय, हिट म्हणजे हिट. खऱ्या टँकसारखं पुढचं जाड कवच, बाजूचं पातळ वगैरे काही नाही. त्यामुळे तिरकं उभं राहण्याची हुशारी इथे चालत नाही. हिट वाढत जातात तसा टँक मंदावतो आणि शेवटी बंद पडतो, थोड्या वेळाने परत जिवंत होतो.

टरेट नसलेले टँक, म्हणजे स्टुग-३ सारखे, पहिला म्हणून घेऊ नका. दिसायला मला स्वतःला खूप आवडतो, बुटका, चपटा, लपायला सोपा, पण नेम धरायला आख्खा टँक वळवावा लागतो आणि नवशिक्याच्या हातात तो प्रत्येक वेळी दोन बोटं जास्त वळतो.

लांबी-रुंदीचंही बघा. टँक वळतो तो एक ट्रॅक पुढे एक मागे असा घसटत, म्हणजे जमिनीला टेकलेला ट्रॅक जितका लांब आणि दोन ट्रॅकमधलं अंतर जितकं कमी तितकं वळताना गिअरबॉक्सचं मरण. लांबलचक जड टँक गालिच्यावर वळवून बघा, मोटरचा आवाजच सांगतो.

मनातलं सांगायचं तर मला सेंच्युरियन हवा होता. नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगर, कॅव्हलरी टँक म्युझियम पाहिलंय का? १९९४ पासून आहे, तिथे खरेखुरे टँक उघड्यावर उभे असतात, ते पाहून आल्यावर पूना हॉर्सचा, १९६५ च्या फिलोऱ्याच्या लढाईतल्या तारापोर साहेबांच्या रेजिमेंटचा सेंच्युरियन करायचं डोक्यात बसलं. मी घेत होतो तेव्हा तयार १/१६ मध्ये परवडेल असा मिळाला नाही. आपल्या आर्मीचं काही हवं असेल तर हेंग लाँगच्या यादीत टी-७२ आणि टी-९० आहेत, दोन्ही आपल्याकडे आहेत, रंग तेवढा आपला द्यायचा.

घरी आणल्यावर लगेच चालवू नका

माहितीये, धीर निघत नाही. पण बॉक्स उघडल्यावर बॅटरी चार्जला लावा आणि तेवढ्या वेळात टँक उलटा करा. खालून स्क्रू असतात, ते काढले की वरचा भाग अलगद उचलला जातो, अलगद म्हणजे खरंच अलगद, कारण स्पीकर आणि टरेटच्या वायरी वरच्या भागाला जोडलेल्या असतात, हिसका दिला की कनेक्टर उपटून हातात. वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. दोन-तीन कोनांतून काढा. सगळे कनेक्टर पांढरे आणि सगळे सारखे दिसतात.

आत गिअरबॉक्स दिसतील, डावा उजवा. गिअरवर ग्रीस आहे का बघा. बऱ्याचदा एका बाजूला थापलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला नुसता वास. पांढरं लिथियम ग्रीस हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, दातांवर थोडंसं लावा, लोणी लावल्यासारखं नाही. मग मोटरचे स्क्रू, गिअरबॉक्स हलला, म्हणजे टँकच्या खालच्या धडाला बांधणारे स्क्रू, सगळे एकदा आवळून बघा. मेटलला मेटल जिथे आहे तिथे निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद, लावायला हरकत नाही, पण ते प्लास्टिकला लागू देऊ नका, एबीएस प्लास्टिक त्याने तडकतं. लगेच नाही तडकत, दोन दिवसांनी तडकतं, म्हणजे तुम्हाला कळतही नाही कशाने झालं. माझ्या एका स्प्रॉकेटच्या बुशिंगचं असंच झालं आणि मी आठवडाभर चिनी प्लास्टिकला शिव्या घालत बसलो, चूक माझी.

आता टँक दोन विटांवर किंवा जाड पुस्तकांवर ठेवा असा की ट्रॅक हवेत राहतील, आणि दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. पुढे मागे. दोन्ही ट्रॅकचा वेग सारखा वाटतो का बघा, कुठे कट-कट आवाज येतो का ऐका. एक बाजू हळू असेल तर लगेच मोटर बदलू नका, आधी ट्रॅक काढून चाकं हाताने फिरवा, नव्वद टक्के वेळा एखादं चाक घासत असतं किंवा स्क्रू जास्त आवळलेला असतो. तेवढं बघूनही टँक एका बाजूला ओढत असेल तर रिमोटवर ट्रिम आहे, त्याने दोन बाजू जुळवा.

ट्रॅकचा ताण, इथे थांबा जरा. नवीन माणूस ट्रॅक तबल्याच्या वादीसारखा ताणून ठेवतो, म्हणजे निघणार नाही असं त्याला वाटतं. उलट होतं. ताणलेला ट्रॅक गिअरबॉक्सच्या आसावर भार देतो, आस वाकतो, स्प्रॉकेट तिरकं होतं आणि मग ट्रॅक निघतो. फार ढिला ठेवला तर वळताना दात सोडतो. वरच्या बाजूने ट्रॅक चाकांवर जरा विसावलेला दिसला पाहिजे, बोटाने उचलला तर थोडा उचलला गेला पाहिजे. आयडलर मागेपुढे करता येत असेल तर त्याने जुळवा, नाहीतर एक कडी काढा किंवा घाला. मागून पाहा, म्हणजे टँकच्या पाठीमागे जमिनीवर आडवे होऊन, स्प्रॉकेट, रोड व्हील म्हणजे मधली जमिनीवरची चाकं आणि आयडलर एका रेषेत आहेत का. ट्रॅक निघण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, रेषेत नसलेलं आयडलर, आणि लोक त्याला ट्रॅकची चूक म्हणतात.

अपग्रेड, आणि त्याचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे म्हणून परत परत सांगतो. आधी गिअरबॉक्स, मग स्प्रॉकेट-आयडलर, मग ट्रॅक. उलटं केलंत तर काय होतं ते सांगतो. मेटल ट्रॅक आले, जड, चमकणारे, खणखण वाजणारे, मन हरखून जातं, ते तुम्ही प्लास्टिकच्या स्प्रॉकेटवर चढवता आणि महिन्याभरात स्प्रॉकेटचे दात चॉकलेटसारखे झिजून गोल होतात. किंवा स्प्रॉकेट मेटल पण गिअर प्लास्टिक, मग आतले दात जातात. नेहमी सगळ्यात कमजोर पार्ट तुटतो, म्हणून कमजोर पार्ट आधी बदला.

गिअरबॉक्समध्ये स्टीलचे गिअर आणि बॉल बेअरिंग असलेला घ्या. वेगवेगळ्या रेशोचे मिळतात आणि लोकांना वेगवान हवा असतो, मी म्हणतो हळूवाला घ्या. खरा टँक रस्त्यावर ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर १/१६ मध्ये ते ताशी अडीच किलोमीटर होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७० सेंटिमीटर, माणूस रमत-गमत चालतो त्याहून हळू. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आले तसे टँकसुद्धा बहुतेक वेळा त्यापेक्षा पळतात. लढाईत तुम्हाला हवा असतो तो हळू वळण्याचा कंट्रोल, भिंतीच्या कडेने दोन सेंटिमीटर पुढे येऊन नेम धरायचा आणि परत मागे. हळू गिअरबॉक्स ते देतो. आणि स्टॉक बोर्डावर दांडगी मोटर लावू नका, मोटर जास्त करंट ओढते, बोर्ड तेवढा द्यायला बनवलेला नसतो, मग जळका वास येतो आणि तो वास एकदा आला की विसरत नाही. मोटरच्या दोन टोकांना १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केलेला आहे का बघा, नसेल तर लावा, दहा रुपयांच्या आत काम आणि रेडिओचा त्रास कमी. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं.

मेटल ट्रॅकचं वजन हा फायदाही आहे, टँक जमिनीला धरून चालतो, हलत-डुलत नाही, आणि ट्रॅक स्वतःच्या वजनाने जागेवर बसतो. तोटा म्हणजे कड्यांच्या पिना. त्या चालता चालता बाहेर सरकतात. प्रत्येक लढाईनंतर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघा, बाहेर आलेली पिन पक्कडीने आत दाबा, फारच हट्टी असेल तर टोकाला सुपरग्लूचा एक थेंब, एकच, नाहीतर कडी वळायची बंद. नवीन मेटल ट्रॅक चकाकतात ते बघवत नसेल तर पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड बनवायला लागतं ते फेरिक क्लोराईड पाण्यात बरंच पातळ करून त्यात बुडवले की काळपट होतात. हे गॅलरीत करा, बेसिनमध्ये नाही, हातात ग्लोव्ह्ज घाला, प्लास्टिकच्या भांड्यात करा, आणि नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा. फरशीवर पडलं तर पिवळा डाग कायमचा, मी भाड्याच्या घरात राहत होतो, डिपॉझिटमधून गेले पैसे.

ट्रॅकनंतर आयडलरचा ॲडजस्टर आणि सस्पेन्शनच्या मेटल आर्म. मग थांबा. खरंच थांबा आणि दोन-चार लढाया खेळा.

बॅटरी म्हणजे स्टॉकमध्ये बहुधा ७.४ व्होल्टची लिथियम आयन येते, जुन्या टँकना ७.२ ची निकेल. मेटल झाल्यावर टँक जास्त करंट ओढतो आणि मग लोक टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी घेतात. घ्या, पण लायपोचे नियम पाळा. फुल चार्ज ८.४ व्होल्ट, एका सेलला ३.३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी छोटा अलार्म मिळतो तो बॅटरीच्या बॅलन्स कनेक्टरला, म्हणजे प्रत्येक सेलच्या वायरी असलेल्या छोट्या प्लगला लावून ठेवा, बारका असतो पण किंचाळतो असा की शेजारचे विचारतात. चार्जर बॅलन्सवाला घ्या आणि चार्ज करताना घरात कुणीतरी जागं पाहिजे, रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी "अजून चालतेय की" म्हणून वापरायची नाही.

बोर्ड आणि नेम

आयआरमध्ये एक मोठी गोची आहे. प्रत्येक कंपनीचा सिग्नल वेगळा. टामियाचा वेगळा, हेंग लाँगचा वेगळा, टायगेनचा वेगळा. तुम्ही एकाचा टँक घेतलात आणि मित्राने दुसऱ्याचा, तर तुम्ही एकमेकांना दिवसभर गोळ्या माराल आणि कुणीच मरणार नाही, हिंदी सिनेमासारखं. म्हणून आधी ग्रुपमध्ये ठरवा कुठली पद्धत. चार-पाच मित्र असाल आणि सगळ्यांकडे हेंग लाँग असेल तर स्टॉक बोर्ड पुरतो, काही बदलू नका. वेगवेगळे टँक असतील किंवा बाहेरच्या ग्रुपशी खेळायचं असेल तर बोर्ड बदलावा लागतो. क्लार्क, एलमॉड असे तयार बोर्ड आहेत, आणि हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर ओपन पँझर म्हणून एक प्रकल्प आहे, त्याचं डिझाइन आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं आहे, आत आर्डुइनो मेगामध्ये असतो तोच ॲटमेगा २५६० चिप, आणि तो टामिया, हेंग लाँग, टायगेन अशा बऱ्याच भाषा बोलतो. इंजिनीअरिंगच्या पोरांनी हाच करावा, शिकायला मिळतं. पण लक्षात ठेवा, हेंग लाँगच्या बॉक्समधला रिमोट त्यांच्याच बोर्डाशी चालतो, बोर्ड बदलला की साधा सहा चॅनलवाला रिमोट घ्यावा लागतो, फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा गरिबाचा आधार, ड्रोनवाल्या पोरांकडे जुना मिळून जातो.

आता नेम. तोफेच्या तोंडातला एलईडी अरुंद किरण टाकतो असं आपण समजतो, पण बॅरल पातळ प्लास्टिकचं असतं आणि किरण बाजूनेही झिरपतो. मग काय होतं, तुमचा गोळा समोरच्याला लागण्याआधी तुमच्याच ॲपलला लागतो, किंवा तोफ भलतीकडे असताना हिट लागते आणि समोरचा म्हणतो चीटिंग. उपाय सोपा, एलईडीभोवती काळी हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी घाला, एलईडीच्या पुढे बोटभर निघालेली, आणि मागूनही बंद करा. किरण दिसत नाही मग तपासायचा कसा? मोबाईलचा सेल्फी कॅमेरा तोफेसमोर धरा आणि गोळा मारा, स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका चमकतो. मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर असतो म्हणून त्यावर बऱ्याचदा दिसत नाही. बाजूने बघा, बॅरल चमकतंय का, चमकत असेल तर अजून झिरपतोय.

मग दुसरा टँक पाच मीटरवर ठेवा, टरेट थोडं थोडं फिरवत गोळे मारा आणि कुठून कुठपर्यंत हिट लागते ते फरशीवर खडूने लिहा. तो पट्टा टँकच्या रुंदीएवढा आला की झालं. त्याहून रुंद असेल तर ट्यूब लांब करा. आम्ही एका रविवारी सगळ्यांच्या टँकचं हे मोजलं आणि कळलं की आमच्यातला "नेमबाज" म्हणून मिरवणारा जो होता त्याचा किरण आमच्या तिप्पट रुंद होता. त्यानंतर तो बरेच आठवडे हरला.

ॲपल झाकायचा नाही, रंगवायचा नाही, त्याच्यासमोर पेट्या बादल्या लटकवायच्या नाहीत, हा पहिला नियम करा. आणि तो टँकच्या डोक्यावर असतो म्हणून लपायची जागा निवडताना टँक नाही, ॲपल झाकतो का ते बघा. उतारामागे फक्त टरेट बाहेर काढून उभं राहिलं तर खऱ्या युद्धात शहाणपण, इथे तुमचा सगळ्यात नाजूक भागच बाहेर असतो.

उन्हात खेळू नका. सरळ ऊन ॲपलवर पडलं की तो आंधळा होतो, पाच फुटांवरूनही हिट लागत नाही. आम्ही संध्याकाळी पाचनंतर किंवा हॉलमध्ये खेळतो. हॉलमध्ये जुने सीएफएल किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब असतील तर त्याही त्रास देतात, त्यांचा झगमगाट आयआरच्या ३८ किलोहर्ट्झच्या जवळपास जाऊ शकतो, मग टँक विनाकारण झटके खातो. एकदा कार्यालयाच्या हॉलमध्ये असंच भूत लागलं होतं, ट्यूब बंद केल्यावर उतरलं.

मैदान

महागडं काही लागत नाही. फ्रिजची आणि एसीची खोकी म्हणजे इमारती, विटा म्हणजे भिंती, गोणपाटाखाली चुरगळलेले पेपर घातले की टेकड्या. फरशीवर मेटल ट्रॅक घसरतात आणि चरेही पाडतात, त्यामुळे जुनी सतरंजी अंथरा, पण जाड लोकरीचा गालिचा नको, धागे स्प्रॉकेटमध्ये गुंडाळले जातात आणि ते चिमट्याने काढताना संध्याकाळ जाते. बाहेर खेळायला मुरूम सगळ्यात मस्त, बारीक खडी वाईट, एक खडा स्प्रॉकेट आणि ट्रॅकच्या मध्ये गेला की एकतर ट्रॅक उडतो नाहीतर गिअर बोंबलतो. तसा कर्र आवाज आला की रिमोट सोडा, जोर लावू नका, टँक उचला आणि खडा काढा.

धूर सोडणारं यंत्र असतं टँकमध्ये, तेल घालायचं. बंद हॉलमध्ये बंदच ठेवा, आणि तेल संपल्यावर चालू राहिलं तर आतली तार जळते.

पावसाळ्याचे चार महिने बाहेर खेळायचा मोह होतो, चिखलातला टँक दिसतो भारी, पण हलच्या खाली स्विच, स्पीकरची भोकं असतात आणि पाणी सरळ बोर्डावर जातं. ज्यांना करायचंच आहे त्यांनी भोकं सिलिकॉनने बंद करावीत आणि घरी आल्यावर उघडून पंख्याखाली ठेवावा, नाहीतर स्क्रू गंजून बसतात आणि पुढच्या वेळी डोकी झिजतात.

रंगाबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितोय. करा, हवं तेवढं करा, फक्त ट्रॅक, गिअरबॉक्स आणि नेम झाल्यावर. एअरब्रश नसेल तर स्प्रेचा डबा चालतो, चाकं काढून रंगवा म्हणजे आसावर रंग बसत नाही, तोफेचं तोंड आणि ॲपल मास्किंग टेपने झाका. मातीचा परिणाम द्यायला महागडे पावडर पिगमेंट घेण्यापेक्षा वस्त्रगाळ केलेली लाल माती मॅट वार्निशवर भुरभुरवली की काम होतं, ती पण गच्चीतल्या कुंडीतली.

लढाईला जाताना सोबत एक डबा ठेवा. त्यात जादा ट्रॅकच्या कड्या दहा-बारा, पिना, बारीक पक्कड, दोन साइजचे स्क्रूड्रायव्हर, चार-पाच वेगवेगळे स्क्रू, इन्सुलेशन टेप, एक जादा बॅटरी, आणि रिमोटचे सेल. रिमोटचे सेल लोक विसरतातच, मी दोनदा विसरलोय. घरी आल्यावर टँकमधून बॅटरी काढून ठेवा, स्विच बंद असला तरी काढा. आठवडाभर खेळणार नसाल तर लायपो फुल चार्जवर ठेवू नका, सेलला ३.८ च्या आसपास आणून स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि त्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते. आमच्याकडे एकदा त्यात चिवडा भरायला घेतला होता.